थर्मासातलं पोटॅशियम

आकुर्डीच्या डॉक्टर शरच्चंद्र टिळेकरांना दोघांचा मनापासून वैताग होता: प्रश्न विचारणारा पेशंट आणि प्रश्न विचारणारी लॅब. पेशंटला ते दरडावून गप्प करत. लॅब पुण्यात होती.

त्या शनिवारी सकाळी चांदभाई मेकॅनिक रक्ताचा तिसरा रिपोर्ट घेऊन समोर बसला होता. सोमवारी कंपनी त्याला पर्मनंट करणार होती, पण त्याआधी आपल्या डॉक्टरचं फिट असल्याचं सर्टिफिकेट आणायचं होतं. ब्लडप्रेशरची गोळी चालू होती, म्हणून टिळेकरांनी खबरदारी म्हणून पोटॅशियम तपासायला पाठवलं आणि आपल्याच हातानं नसती ब्याद ओढवून घेतली.

"किती आलं, साहेब?"

"आठ."

"मागल्या टायमाला सात होतं. म्हंजी चढलं की!"

"अरे, साडेपाचच्या वर जायचं नसतं! आठ म्हणजे तू एव्हाना आडवा व्हायला हवा होतास."

चांदभाईनं स्वतःकडे एकदा खालपासून वरपर्यंत पाहून घेतलं. "सकाळी टेम्पोचं इंजिन उतरवलं, साहेब. एकट्यानं."

"तेच म्हणतोय मी! काही ताळमेळ आहे का?"

ताळमेळ नव्हता. हृदयाचा आलेख स्वच्छ होता. केळी बंद, शहाळं बंद, टोमॅटो बंद. त्याच्या बायकोनं, खातूनबीनं, आपल्या बुद्धीनं बटाटाही बंद केला होता. तरी आकडा आपला प्रत्येक खेपेला वरच. खोटं सर्टिफिकेट टिळेकर देणाऱ्यातले नव्हते, आणि खरं देण्याजोगं हातात काही नव्हतं.

"साहेब, हे खाली लाल शाईत काय लिवलंय?"

"ते माझ्यासाठी आहे."

"मंग वाचा की."

टिळेकरांनी आजवर ती कड दुमडूनच रिपोर्ट फायलीला लावले होते. लॅबनं आकडा द्यावा, अर्थ आम्ही लावू, हा त्यांचा बाणा. आता त्यांनी आधीच्या दोन्ही कडा उलगडल्या. तिन्हींवर एकच ओळ: 'नमुना कसा पाठवता? कृपया फोन करा. डॉ. नीलिमा कोल्हटकर.' तिसऱ्या खेपेला 'कृपया' खाली दोन रेघा होत्या.

शेजारच्या औषधवाल्याकडचा फोन लागला.

"आला एकदाचा फोन!" नीलिमाबाई म्हणाल्या. "पेशंट कसा आहे?"

"रेड्यासारखा."

"आणि रक्त कसं पाठवता?"

"अगदी शास्त्रशुद्ध," टिळेकर ताठ झाले. "माझ्या स्वतःच्या थर्मासात, बर्फात गाडून. पोलिओची लस येते तसं."

"दर वेळी तेवढाच बर्फ?"

"छे! दुसऱ्या वेळी दुप्पट केला. तिसऱ्या वेळी वर मीठ घातलं."



"डॉक्टर, मीठ कुल्फीला घालतात. रक्त तसं गार पडलं की तांबड्या पेशींतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. म्हणजे आकडा खरा आहे, पण तो तुमच्या थर्मासाचा. त्या माणसाचा नाही."

टिळेकरांच्या डोळ्यांपुढून चांदभाईनं दोन आठवडे न खाल्लेली केळी गेली.

"मग आता करू काय?" लॅबला त्यांनी विचारलेला हा जन्मातला पहिला प्रश्न.

"रक्त पाठवू नका, माणूस पाठवा. इथं काढते, लगेच तपासते. सहापर्यंत आहे मी."

चांदभाई बसनं गेला आणि पाचला परतला. आकडा होता चार पूर्णांक दोन. टिळेकरांनी सर्टिफिकेटवर सही इतकी दाबून केली की कागद फाटता फाटता राहिला.

चांदभाईनं ते घडी करून खिशात घातलं. दारात जाऊन तो वळला. "साहेब, आता केळं खाल्लं तर चालंल?"



"बस जरा," टिळेकर उठत म्हणाले. "सहा वाजायचेत अजून. विचारून येतो."

दोन मिनिटांनी फोनमधून नीलिमाबाईंचा आवाज औषधवाल्यालासुद्धा स्पष्ट ऐकू आला: "अहो डॉक्टर, हे तरी तुम्ही सांगा!"

तोवर चांदभाई कोपऱ्यावरच्या हातगाडीशी उभा राहून दुसरं केळं सोलत होता.