गानिमच्या घरची दल्ला

मित्रांनो, मी एक जुनी दल्ला आहे. दल्ला म्हणजे कॉफीची लांब चोचीची पितळी किटली. स्वतःची कहाणी सांगताना गोड बोलावं म्हणतात, पण माझ्याकडून ते व्हायचं नाही. मी रागावले आहे, आणि का रागावले ते तुम्ही ऐकाच.

अरबस्तानातल्या अल-हसाच्या बाजारात एका कारागिराने मला ठोकून घडवलं, आतून कल्हई केली. तिथून मी वाळवंटात गानिमच्या तंबूत आले. गानिम पहाटे उठून कॉफीच्या बिया भाजायचा आणि खलबत्त्यात कुटायचा. तो आवाज ऐकला की शेजारपाजारचे येऊन बसायचे. निखाऱ्यांवर बसून माझं बूड काळंठिक्कर पडलं, पण मान मोठा होता. आमच्या लोकांत एक रीत आहे. पाहुण्याला काही मागायचं असेल तर तो पेला न पिता खाली ठेवतो. मग यजमानाला ‘पी, तुझं काम झालं’ असं म्हणावंच लागतं. जो म्हणत नाही त्याच्या घराची अब्रू जाते. गानिमसमोर असे कितीतरी पेले ठेवले गेले, पण त्याने एकही गार होऊ दिला नाही.

पुढे वाळवंटात शहर उठलं, तंबूच्या जागी घर आलं. गानिम वारला. त्याचा मुलगा हारेब याने मला उचललं आणि एका उंच काचेच्या इमारतीत नेलं. तिथे तळमजल्यावर त्याने प्रवाशांसाठी ‘जुना तंबू’ मांडला आहे. बाहेर चारी बाजूंना वाळू असताना त्याने पोत्यांनी वाळू आणून आत पसरली, आणि वर एसी लावला! पाय भाजत नाहीत ती वाळू कसली? मला घासून चकचकीत केलं. मग कुणी पाडू नये म्हणून माझ्या तळाला भोक पाडलं आणि चौथऱ्यावर बोल्टने आवळून टाकलं. कॉफी थर्मासातून यायची. लोक माझ्या गळ्यात हात टाकून फोटो काढायचे आणि निघून जायचे. माझ्या पोटात काय आहे हे एकानेही पाहिलं नाही.

गानिमची बहीण अफ्रा हिने त्याच्या माघारी त्याची बैठक चालू ठेवली होती. म्हातारेकोतारे अजून तिच्याकडे येत. तिने हारेबकडे मला कितीदा तरी मागितलं. तो म्हणायचा, “बघू गं आत्या, नंतर.” घरच्या माणसाला असं टोलवता येतं, पाहुण्याला येत नाही. म्हणून एका दुपारी अफ्रा चक्क तिकीट काढून प्रवाशांच्या रांगेतून आत येऊन बसली.

“आत्या! तू इथे? आणि तिकीट कशाला काढलंस?”

“पाहुणी म्हणून आलेय. कॉफी दे.”

पेला आला. तिने तो खाली ठेवला. हारेबचा चेहरा उतरला.

“आत्या, लोक बघताहेत. पी ना.”

“बघू देत. पैसे मोजून बघायलाच आलेत.”

शेजारच्या परदेशी बाईला वाटलं, इथली पद्धतच अशी असेल. तिने आपला पेला खाली ठेवला. मग तिच्या नवऱ्याने ठेवला, मग सगळ्या रांगेने.

“घे, आता सगळ्यांचंच काम अडलंय तुझ्यापाशी,” अफ्रा म्हणाली.

“काय हवंय तुला?”

“दादाची दल्ला.”

हारेबने खाली ठेवलेल्या पेल्यांकडे पाहिलं. “पी. दिली.”

तिने एका घोटात पेला संपवला. “शी! ह्याने उंटाचे पायसुद्धा धुऊ नयेत.”

नोकराने बोल्ट काढून मला तिच्या हाती दिलं. तिने मला छातीशी धरलं. मग हारेबकडे वळताना तिचा आवाज मऊ झाला. “ओत रे हिच्यात. हिच्यातला पहिला पेला तुलाच देते.”

मला ओरडून सांगायचं होतं, पण मला कुठला आवाज? कॉफी वरून आत आली आणि तळातून तिच्या मांडीवर सांडली. अफ्राने मला उलटं केलं. भोकातून बोट घालून पाहिलं.

“हे काय केलंस?”

“पडू नये म्हणून गं... बाहेरून तर तशीच आहे ना!”

“बाहेरून तर तूही अगदी बापासारखा दिसतोस.”

हारेबची मान खाली गेली. आणि मित्रांनो, प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं, नाटक चाललंय. ते आठवलं की आजही माझा संताप होतो.

आता मी अफ्राच्या घरी आहे. त्या अख्ख्या शहरात कल्हईवाला सापडला नाही. शेवटी फ्रिज दुरुस्त करणाऱ्याने माझ्या तळाला चकती बसवली. तरी थोडी गळतेच. अफ्रा खाली फडकं धरते आणि ओतते. तिच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या कपड्यांवर डाग पडतात, पण कुणी तक्रार करत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं जुनं भांडं असेल. त्याला काचेआड बसवून त्याचं कौतुक करू नका. ते काळं पडू दे, गळू दे, पण त्याला वापरा.