चौथा कागद

इंदू पडली ती वृक्षासनात पडली, म्हणून दोष वृक्षासनाचा. झाशीतल्या आमच्या मराठी मंडळींचं तर्कशास्त्र असं सरळ असतं. जिन्यात पडली असती तर जिन्याला कोणी बोल लावला नसता.

दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता मंडळाच्या हॉलमध्ये मी नवशिक्यांचा वर्ग घेते. थोडी आसनं, थोडा आयुर्वेद, खाण्या-झोपण्याचं भान. सतरा बायका येतात. त्या दिवशी सतराही जणी एका पायावर उभ्या होत्या, हात वर, नजर समोरच्या घड्याळावर. मी म्हणतेय, "श्वास कोंडू नका गं," आणि तिसऱ्या रांगेतून धप्प आवाज आला. इंदू सतरंजीवर आडवी. ओठ पांढरे.

मी तिचे पाय उचलून धरले, कुणी पदराने वारा घातला. एक म्हणाली बीपी असेल, दुसरी म्हणाली दृष्ट लागली. हॉल झाडणारी शारदा केरसुणी टाकून धावत आली आणि इंदूच्या कानाशी वाकून विचारलं, "बिन्नू, कछू खाओ हतो कै नईं?"

काही खाल्लं होतंस की नाही. गेली नऊ वर्षं मी पुस्तकं वाचते, वह्या भरते, एका म्हाताऱ्या वैद्यांच्या ओसरीवर बसून शंका विचारते. पण हा प्रश्न मला सुचला नाही. तो शारदेला सुचला.

इंदू पुटपुटली, "सकाळचा चहा. माझी जेवायची पाळी साडेतीनला येते ना... आणि मावशी, तुम्हीच म्हणता, आसनांच्या आधी तीन तास जेवू नका."

म्हणजे साडेतीनला जेवली तर पाचचा वर्ग चुकला. वर्ग हवा असेल तर उपास. पोरीने उपास निवडला. आठवड्यातला तेवढा एकच तास तिचा होता.

डॉक्टरांनी हिमोग्लोबिन आठ सांगितलं, लोहाच्या गोळ्या दिल्या, वेळेवर जेवायला सांगितलं. यातलं शेवटचं घरात कुणी ऐकलेलं दिसलं नाही. कारण सोमवारी सकाळी मंडळाच्या ग्रुपवर तिचे सासरे नानासाहेब, म्हणजे आमच्या मंडळाचे अध्यक्ष, यांचा निरोप आला: "योगासारखा गंभीर विषय अप्रशिक्षित व्यक्तीने शिकवणे धोक्याचे आहे हे कालच्या प्रसंगाने सिद्ध झाले. वर्ग बंद करण्यात येत आहे." खाली अकरा जणांनी हात जोडले होते.

मी खरं सांगते, आधी मला रडू आलं. अप्रशिक्षित तर मी आहेच. लग्नाआधी बारावी, लग्नानंतर स्वयंपाक, आणि चाळिशीत गुडघा धरला तेव्हा हातात आलेलं पहिलं योगाचं पुस्तक. आपल्याच शिकवण्याने कुणाची लेक पडली, हा विचार काही सुखाचा नसतो. दिवसभर मी वह्या उलटत राहिले. चूक सापडावी म्हणून. आणि सापडली.

महिन्यापूर्वी मी वर्गात कागद वाटले होते. 'आपली प्रकृती ओळखा.' वरती बारा प्रश्न: भूक कधी लागते, झोप कशी येते, त्वचा कोरडी की तेलकट. खाली वात, पित्त, कफ, आणि कुणी काय खावं, काय टाळावं. बायकांनी घरी न्यायला जास्तीचे मागितले, मी आनंदाने दिले. पुढच्या रविवारी इंदूने तीन कागद भरून आणले. मोत्यासारखं अक्षर. सासरे वात, सासू पित्त, नवरा कफ. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "बघा, शिकायचं तर असं."

तीन कागद. त्या घरात माणसं चार आहेत. चौथा कुठाय, हे मी विचारलं नव्हतं.

मंगळवारी दुपारी एकच्या सुमारास मी लक्ष्मी ताल या तलावाच्या बाजूला त्यांच्या घरी गेले. फोन न करता. फोन केला असता तर इंदूने माझ्यासाठीही काहीतरी रांधलं असतं.

नानासाहेब आणि इंदूची सासू अनुसूयावहिनी जेवायला बसत होते. इंदू वाढत होती, चेहरा अजून उतरलेलाच. फ्रिजवर माझे तिन्ही कागद चिकटवलेले, लिंबाच्या आकाराच्या चुंबकांनी. मला तर ते पाहून चक्करच यायची बाकी होती.

"या सुनीताबाई," नानासाहेब म्हणाले. "रागावला नसाल. पण योग गुरूवाचून शिकू नये आणि शिकवू तर बिलकुलच नये. तुम्ही चार पुस्तकं वाचून..."

"मी पुस्तकं तरी वाचली, नानासाहेब. तुम्ही फक्त फ्रिजवरचा कागद वाचलात."

वहिनींनी माझ्याकडे चमकून पाहिलं. मी सरळ स्वयंपाकघरात शिरले. ओट्यावर नानासाहेबांसाठी तूप सोडलेली मऊ मुगाची खिचडी. वहिनींसाठी बिनमिरचीची दुधीची भाजी आणि गरम पोळ्या. एका कढईत तळाशी थोडी मेथी उरलेली; ती हृषीकेशच्या डब्यातली. तो इंदूचा नवरा, कारखान्यात इंजिनियर, साडेसहाला घर सोडतो.

"किती वाजता उठतेस गं?"

"साडेचारला," इंदू म्हणाली. "पूर्वी पाचला उठायची. आता प्रत्येकाचं वेगळं असतं ना. रात्री पण."

"आणि तुझं काय शिजतं?"

ती हसली. तिने कोपऱ्यातल्या डब्यावरचं झाकण उचललं. कालच्या रात्रीच्या चार पोळ्या, कडा वाळून वर वळलेल्या. "शिळं कुणालाच चालत नाही आता, तुमच्या कागदात आहे तसं. पण अन्न टाकायचं कसं? मग मी संपवते. भांडी, ओटा, मामंजींचा ताकाचा पेला झाला की."

नवऱ्याच्या कफाची काळजी, सासूच्या पित्ताची काळजी, सासऱ्यांच्या वाताला तर तूप. आणि सगळ्या घराचा समतोल त्या शिळ्या चार पोळ्यांवर तोललेला. वर तो माझ्याच अक्षरात लिहिलेला!

मी डबा उचलला, बाहेर आले आणि नानासाहेबांच्या शेजारी पाट ओढून बसले.

"वहिनी, जेवायची वेळ आहे, मी जेवूनच जाते. मला ताट वाढा. यातल्या पोळ्या वाढा."

वहिनींचा घास हातातच राहिला. "अगंबाई, भलतंच काय! पाहुण्याला शिळं वाढायचं? इंदू, ताजी कणीक भिजव आधी."

"नको. हेच वाढा."

"सुनीताबाई, हा काय तमाशा?" नानासाहेबांचा आवाज चढला. "आमच्या घरात दोनशे वर्षांत दारी आलेल्याला कोणी शिळं घातलेलं नाही!"

"मग घरी आणलेलीला?"

बाहेर भाजीवाला "भिंडी ले लो, तुरई ले लो" ओरडत गेला.

"ती काही पाहुणी नाही," नानासाहेब अखेर म्हणाले. आवाज जरा खाली आला होता. "आणि आमच्या घरात सुना मागाहूनच जेवतात. पद्धत आहे. विचारा हिला. हिने तक्रार केली कधी?"

'हिने' म्हणजे वहिनींनी. वहिनी ताटाकडे बघत होत्या. दुधीच्या भाजीत बोट फिरवत होत्या, लहान मुलासारखं.

मी पिशवीतून कोरा कागद काढला. इंदूला समोर बसवलं. ती बसेना, तिची नजर सासूकडे. मी हात धरून बसवलं.

"चौथा कागद राहिला होता आपला. माझी चूक. पहिला प्रश्न. भूक किती वाजता लागते?"

इंदूने खूप विचार केला. जणू कुणी तिला परक्या गावाचा पत्ता विचारला होता.

"अकराला लागते मावशी," ती म्हणाली. "मग जाते."

मी लिहिलं. अकरा. मग जाते. अक्षर जरा वेडंवाकडं आलं.

"माझी बाराला लागायची," अनुसूयावहिनी म्हणाल्या.

आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहू लागलो. त्या ताटाशीच बोलत होत्या. "लग्न होऊन आले तेव्हा. सासूबाई म्हणायच्या, पाणी पी, भूक मरते. मरायची. मग जळजळ सुरू झाली. चाळीस वर्षं झाली जळजळीला. ही पोर माझ्यासाठी बिनमिरचीचं करते आणि मी म्हणते, माझी प्रकृतीच पित्ताची."

त्या उठल्या. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश. कपाटातून ताट काढलं, त्यात आपल्या पुढ्यातल्या दोन्ही गरम पोळ्या ठेवल्या, दुधी वाढला, नानासाहेबांच्या पातेल्यातली खिचडी वाढली, वर तूप. ते इंदूपुढे ठेवलं.

"आई, तुम्ही आधी..."

"जेव गं मुकाट्याने. मी बघत्येय."

इंदूने पहिला घास घेतला तेव्हा नानासाहेब खिडकीतून बाहेर पाहत होते. "हॉलचं मात्र मी ठरवलं आहे," ते म्हणाले, पण जरा सांभाळूनच.

"अहो, रविवारी मी पण जाणार आहे," वहिनी म्हणाल्या. "किल्ली तेवढी खुंटीला अडकवून ठेवा."

मग त्यांनी माझ्याकडून तो डबा घेतला. माझ्यापुढे ताट मांडून त्यात एक शिळी पोळी वाढली, कारण मी मागितली होती. एक आपल्या ताटात. एक हृषीकेशसाठी झाकून ठेवली. संध्याकाळी चहाबरोबर खाईल म्हणाल्या. उरलेली हातात धरून क्षणभर थांबल्या आणि ती सरळ नानासाहेबांच्या ताटात ठेवली.

"चौघांच्या चार," त्या म्हणाल्या. "ही तुमची."

नानासाहेबांनी बायकोकडे पाहिलं, फ्रिजकडे पाहिलं, शेवटी माझ्याकडे पाहिलं. मदतीच्या आशेनेच असावं. 'वातप्रकृतीने शिळं व कोरडं कटाक्षाने टाळावं,' हे कागदावर मीच लिहिलेलं होतं, खाली दोन रेघा मारून.

त्यांनी पोळी मोडली. कडक होती, मोडताना आवाज झाला. मी माझी चावत राहिले आणि एक शब्द बोलले नाही.