सातव्या गल्लीतलं शून्य

"परत शून्य?" मी भिंग आत्याच्या हातातून ओढूनच घेतलं. "सलग चौथ्या आठवड्यात?"

"मग काय, मी जाऊन अंडी घालू तिथे?" स्यो-लान आत्या म्हणाली.

तैवानमधल्या आमच्या ताइनान शहरातल्या वस्तीत दारोदारी तिचे काळे पेले आहेत. पेल्यात पाणी, पाण्यात पट्टी. दर सोमवारी पट्टीवरची डासांची अंडी मोजायची नि आकडा विद्यापीठाला कळवायचा. त्यांचं गणिती मॉडेल त्यावरून सांगतं, डेंग्यू आता कुठल्या गल्लीत शिरेल; फवारणी तिथेच होते. एकोणीस वर्षं आत्या हेच करतेय.

सहाव्या गल्लीत त्रेचाळीस, आठव्यात एकावन्न आणि मधल्या सातव्यात शून्य! मी वर्गात गणितात पहिली. असलं शून्य मला पचेचना. सातव्यात खो आजोबा दारात काठ्यांवर शेवया वाळवतात. फवारणी झाली की सगळा माल फेकायचा. आणि दर सोमवारी ते आत्याला शेवयांचा पुडा देतात, हे मी या डोळ्यांनी पाहिलेलं!

शुक्रवारी खो आजींना डेंग्यूच्या तापात दवाखान्यात नेलं. मागोमाग विद्यापीठाचा फोन. आकडे खोटे निघाले तर आत्याचं काम जाणार.

"पुड्यासाठी लिहिलंस ना शून्य?" मी विचारलंच.

त्या रात्री आत्या जेवली नाही.

रविवारी सकाळी मी पुरावा शोधायला सातव्या गल्लीत. खो आजोबा उंबऱ्यावर बसून दात घासायच्या ब्रशने पेला घासत होते. मग पट्टीही.

"अहो आजोबा, हे काय!"

"काय म्हणजे? दर रविवारी भोंगा कोकलतो ना, साचलेलं पाणी ओता, भांडी घासा! तुझी आत्या तर दारात येऊन दम देते. एक रविवार चुकवला नाही मी." त्यांनी पेला उन्हात धरला. "हा तर सरकारी. जरा जास्तच घासतो."

मी समजावलं. अंडी, आकडे, मॉडेल, न झालेली फवारणी, सगळं धडाधड. बोलून झाल्यावर मला कळलं, मी त्यांना काय सांगितलं ते.

आजोबा दारातल्या आजींच्या चपलांकडे बघत राहिले.

माझ्याकडून सगळं ऐकून सोमवारी आत्याने चारही शून्यं खोडून 'माहीत नाही' लिहिलं. मी तिच्यासाठी भिंग पुसून ठेवलं.

पुढच्या सोमवारी सातव्या गल्लीची पट्टी अंड्यांनी काळी ठिक्कर होती. अडुसष्ट. मंगळवारी फवारणी झाली; शेवयांच्या काठ्या रिकाम्या, आजी अजून दवाखान्यात. गढूळ पेल्याशेजारी खो आजोबा बसले होते, ब्रश मुठीत घट्ट धरून.