अधांतरी काच

मामा ठकीला न्यायला आला होता. चांगला राजरोस, सगळ्यांना विचारून. त्याच्याकडे राहायचं, तिथल्या मोठ्या शाळेत जायचं, वेगळी खोली मिळायची. वर पुस्ती जोडलेली होतीच, "घरात दोघी बायकाच. पोरीनं बापमाणूस बघायचा कुठे?" मामा मनाचा वाईट नव्हता, पण त्याचं जग त्याच्या बैठकीच्या खोलीएवढं होतं.

ठकीच्या घरी नवरा नावाचं प्रकरण कधी नव्हतंच. आई आणि माई यांचा संसार तिच्या जन्माआधीपासूनचा. आईनं तिला जन्म दिला, माईनं पहिल्या दिवसापासून न्हाऊमाखू घातलं, आणि दोघी तिच्या आया झाल्या. कोण किती आई, हे त्या घरात कुणी मोजलं नव्हतं. भांडायच्या मात्र कडाकडा, पंखा किती जोरात ठेवायचा एवढ्यावरूनसुद्धा. मामाला दोघींनी एवढंच सांगितलं, "तिचं तिनं ठरवावं. आम्ही मध्ये पडणार नाही."

म्हणायला सोपं आहे हो! ठकीचं वय चौदा. तिला वेगळी खोली हवी होती आणि तसं म्हणायची लाज वाटत होती. संध्याकाळी मामाला उत्तर द्यायचं होतं. दुपारी तिनं हट्टच धरला, "आधी मला दोघींचं काम बघायचंय." मामाही तिच्याबरोबर निघाला.

आई बांधकामावर टॉवर क्रेन चालवते आणि माई खाली उभी राहून तिला हातानं इशारे देते, हे ठकीला पाठ होतं. पण पाहिलं नव्हतं कधी. सुपरवायझरनं मामा-भाचीच्या डोक्यावर पिवळी हेल्मेटं चढवली आणि ऑफिसच्या पायऱ्यांवरून हलायचं नाही, असा दम भरला.

ठकीनं मान वर केली ती तशीच राहिली. पार उंचावर, आगपेटीएवढ्या दिसणाऱ्या केबिनमध्ये तिची आई बसली होती. आणि क्रेनच्या दोराला एक काच लटकत होती. काच कसली, घराची अख्खी भिंत म्हणा! तिच्यात आभाळ होतं, ढग होते, आणि ते सगळं हळूहळू वर चाललं होतं. खाली माई. घरात एका जागी दोन मिनिटं न टिकणारी ही बाई इथे खांबासारखी उभी होती. तिनं दोन बोटं जराशी वळवली, की तिकडे वर ती भिंतीएवढी काच वीतभर सरकायची. बोटं थांबली, की काच थांबायची. दोघींमध्ये एवढं मोकळं आकाश, आणि एक शब्द नाही. ठकीच्या अंगावर सरसरून काटा आला. या त्याच दोघी? पंख्यावरून भांडणाऱ्या?

"बाप रे," मामा पुटपुटला.

काच इमारतीला टेकायला आली, आणि ठकीला काच आणि भिंत यांच्या मधोमध एक माणूस दिसला. चांगला उभा, हातात ब्रश. आता चिरडणार! ओरडायच्या आधीच तिचे हात आपोआप उठले आणि दोन्ही बाजूंना ताठ पसरले. घरात दोघींचं भांडण हाताबाहेर गेलं की ती हेच करायची, आणि दोघी वाक्य अर्धं टाकून गप्प बसायच्या. तिला तो घरचा खेळ वाटायचा.

क्रेन थांबली.

काच एकदा हेलकावली आणि अधांतरी स्थिर झाली. ठकीनं आपल्या पसरलेल्या हातांकडे पाहिलं. आपल्या या काड्यांसारख्या हातांनी हे एवढं अवाढव्य धूड थांबलं?

"कुणी दिला स्टॉप?" सुपरवायझर लाल होऊन धावत आला. "ही पोरगी? कामाचा खेळखंडोबा करायला आणलीय का हिला?"

माईची नजर काचेवरून हलली नाही. "हात पसरून थांबण्याचा इशारा कुणीही देऊ शकतं साहेब. कुणी दिला ते बघायचं नसतं, आधी थांबायचं. नियम तुमच्याच भिंतीवर लिहिलाय."

तिच्या वॉकीटॉकीत खरखर झाली. वरून आईचा आवाज आला, "पसरलेले हात दिसले. कोण होतं गं?"

"आपली ठकी."

वरून लगेच, "तिला काय दिसलं, विचार."

ठकीनं पुन्हा पाहिलं. माणूस काचेमागे नव्हताच. समोरच्या इमारतीच्या परांचीवर एक रंगारी उभा होता, त्याचं प्रतिबिंब. तिला रडू कोसळलं. "काही नव्हतं गं माई. प्रतिबिंब होतं. मी उगीचच... चुकले मी."

"काही नव्हतं," माईनं वर कळवलं.

"मग छानच झालं की," आई म्हणाली. "तिला म्हणावं, पुन्हा दिसलं तर पुन्हा थांबव. घेऊ का आता?"

माईनं पहिल्यांदा मागे वळून पाहिलं. "घेऊ का गं?"

तिला विचारत होत्या! ठकीनं नाक पुसून मान हलवली. माईची बोटं वळली आणि काच अलगद आपल्या जागी जाऊन बसली. ठकी कितीतरी वेळ त्या दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिली. आपल्या आया एवढ्या मोठ्या आहेत, हे तिला आज कळत होतं, आणि छातीत मावत नव्हतं.

मामानं घसा खाकरला. "मग? काय ठरवलंस?"

"मामा, तुझ्या घरी मी थांबा म्हटलं, तर थांबेल कुणी?"

मामानं विचार केला. माणूस प्रामाणिक होता. "आधी कारण विचारू," तो म्हणाला. "मग तुला समजावू. थांबणार बहुतेक नाहीच."

"मग मी नाही येत."

मामानं मान डोलावली. रागावला नाही. पायरीवर फतकल मारून बसला आणि वर त्या केबिनकडे बघत म्हणाला, "पुढची काच कधी चढवणार गं या?"