मुडदुशाचं पाणी

बाबलीचा मुदतीचा ताप उतरला, तेव्हा त्याच्या अंगात उतरण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं. रापणीचं जाळं ओढताना ज्याच्या दंडाला पोरं लोंबकळायची, तो गडी खाटेवर सुकत घातलेल्या बोंबलासारखा पडला होता. कूस बदलायची तरी बायकोला, हिराला हाक मारावी लागे, आणि ती हाकही अर्ध्या वाटेत बसे.

घरात तापाचा कारभार दाजींकडे होता. दाजी बाबलीचे चुलते. ते कधी आजारी पडले नव्हते, त्यामुळे आजारांवर त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई.

"ताप म्हंजे आगंतुक पावणो," ते सांगत. "जेवूक घातलास तर जाणा नाय."

"पण दाजी, ताप गेलो मां?" हिरा म्हणाली.

"गेलो म्हणतत. पायरेर बसलेलो आसा."

म्हणून बाबलीला पेजेवरचं नुसतं पाणी मिळे, तेही दाजींनी नीट निरखून, चुकून शीत आलं असेल तर काढून. स्वतः दाजी त्याच्या पायाशी बसून बांगड्याचं कालवण आणि भात जेवत. आजाऱ्याला वासानंही ताकद येते, असं त्यांचं मत होतं.

मालवणचे डॉक्टर होडीतून आले. बाबलीचा दंड त्यांनी चिमटीत धरला, पोट दाबलं आणि दाजींचं व्याख्यान तसंच चालू सोडून चुलीपाशी हिराजवळ येऊन बसले.

"घरात जळण संपलं तर अडलेला माणूस काय जाळतो?"

"वासे," हिरा म्हणाली.

"तुझ्या नवऱ्याचं अंग वासे जाळतंय. औषधानं ताप गेला, पण अन्न नसेल तर माणूस उठत नाही. गाळलेली पेज, दूध, मुडदुशाचं पाणी, घोटाघोटानं, दिवसभर दे. वडे, भाकरी, तिखट नको, आतडं ओल्या कागदासारखं झालंय. आणि एकदम ओतू नकोस. विझत्या चुलीत ओंडका घातला की चूल विझते."

"आणि कायच नाय दिलंय तर?"

डॉक्टरांनी खाटेकडे पाहिलं. "मग पुढच्या खेपेला मी येऊन उपयोग नाही."

हिरा मासळी विकायची. मुडदुसा हा आजाऱ्याचा मासा, हे तिला शिकवायला नको होतं. गावातल्या बाळंतिणींना आणि म्हाताऱ्यांना तीच तो घरपोच देई. तिच्या घरात मात्र टोप चुलीवर चढला की दाजी तो उतरवत.

"डॉक्टर मालवणचो," ते म्हणाले. "ताप हयचो."

"मगे देवाक इचारूया," हिरा म्हणाली.

दाजी खूश झाले. देवाचं आणि त्यांचं आजवर कधी वाकडं आलं नव्हतं.

रवळनाथाच्या देवळात कौल लावायचा म्हणजे देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवानं गाऱ्हाणं घालायचं आणि कुठली पाकळी आधी पडते ते बघत बसायचं. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. दाजींचा "व्हय म्हाराजा" सगळ्यांत मोठा. लहानपणापासूनची सवय, झोपेतही चुकत नसे.

"काय इचारूचा?" सत्यवान गुरवानं पाकळ्या लावता लावता विचारलं.

दाजींच्या तोंडात तंबाखू होती. देवळात थुंकता येईना आणि गिळता येईना, म्हणून हातानं 'थांब' अशी खूण करून ते बाहेर गेले. खूण गुरवाला होती. हिरानं ती आपल्याला नाही असं धरलं आणि गुरवाला प्रश्न सांगून टाकला. दाजी तोंड पुसत परत आले, तेव्हा गाऱ्हाणं सुरू झालं होतं.

"बा देवा रवळनाथा, हो तुजो बाबली दुखण्यातसून उठलो आसा…"

"व्हय म्हाराजा!"

"त्येका मुडदुशाचा पाणी दिवचा आसा…"

"व्हय म्हाराजा!" दाजी गरजले आणि मग त्यांचा चेहरा बदलला.

"ता सकाळी दिवचा तर उजवो कौल दी, सांजचा दिवचा तर डावो दी…"

"व्हय म्हा–" दाजी म्हणाले. पण देवासमोर निघालेला शब्द परत तोंडात घालता येत नाही.

उजवी पाकळी पडली. गुरव वळतो तोच डावीही पडली.

"दोनय वेळेक," गुरव म्हणाला.

"आणि मधी?" हिरानं विचारलं.

"मधल्याचा देव काय बोलूक नाय."

"नको म्हणूकय नाय मां," हिरा म्हणाली आणि टोपली उचलून किनाऱ्याकडे निघाली.

हिरा दिवसभर वाटी आणि चमचा घेऊन बसू लागली. घोट, मग थांबणं, मग घोट. बाबली मान फिरवी, ती वाटी त्या बाजूला नेई. चार दिशांपैकी एकीकडे तरी तो गिळेल, याची तिला खात्री होती.

पण दाजींची भक्ती आता उलट्या दिशेनं वाहू लागली. देवानं जेवायला सांगितलंय, तर हात आखडता का? हिरा विहिरीवरून आली, तेव्हा ते बाबलीचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि हातातला कोंबडीच्या रश्शात बुडवलेला वडा त्याच्या ओठांपर्यंत पोचला होता. बाबलीनं तोंड उघडलं होतं. वासे जळलेल्या माणसाला ओंडका ओळखता येत नाही.

हिरानं घागर खाली ठेवली नाही. मोकळ्या हातानं दाजींच्या हातातला वडा घेतला आणि उभ्या उभ्या स्वतःच खाल्ला. मग ताटातला दुसरा. तिसराही तिनं न चावताच गिळला, तेव्हा दाजींना कळलं की या घरात उपास एकट्या बाबलीचाच चाललेला नव्हता.

"गो, बस तरी," ते हळू म्हणाले.

"देवान पाणी सांगल्यान, वडे सांगूक नाय," ती घास गिळून म्हणाली. "तुमीच व्हय म्हणालास."

दुसऱ्या दिवशी मुडदुसे दाजींनीच आणले. ताजे होते. वाटी तोंडाला लावली, तेव्हा बाबलीनं घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि पहिल्यांदा आख्खं वाक्य बोलला.

"मीठ खंय आसा ह्याच्यात?"

हिरा चुलीकडे वळली आणि बराच वेळ मीठ शोधत राहिली. मीठ तिच्यासमोरच होतं.

बाहेर पायरीवर दाजी शेजाऱ्यांना समजावत होते, "लंघनाक तोड नाय. फकत ता वेळेर सोडूक व्हया."