खुर्दादची सतरा

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी नूरमोहम्मद मास्तरांनी त्रिंबकच्या घरी दुसरा कागद खाली ठेवला आणि चष्मा काढला. तीस वर्षं दोघं एकाच शाळेत होते. मास्तर उर्दू शिकवायचे, त्रिंबक घंटा द्यायचा. नापासांची नावं सांगण्याआधी मास्तर असाच चष्मा काढत.

कागद म्हणजे निजामी पोलिसांच्या गुप्त उर्दू अहवालाची झेरॉक्स होती, साल १३५७ फसली, म्हणजे १९४८. पाचोडकडचे धनगर चळवळीतल्या लोकांना खूण देतात, असं त्यात होतं. चौकी रिकामी असली की कळप उगवतीच्या वावरात बसवायचा, भरलेली असली की मावळतीच्या. खबर ‘मुखबिर नंबर तीन’ची, म्हणजे तिसऱ्या खबऱ्याची. त्यावर हुकूम निघाला : चौकीच्या कोसभरात कळप बसवायचा नाही. तारीख, १७ खुर्दाद.

त्रिंबकची माय म्हाळसाबाई भिंतीला टेकून ऐकत होती. त्या साली आखितीला, अक्षय्य तृतीयेला, तिचा भाऊ कडुबा पकडला गेला. तीन दिवसांनी सुटला, कळप घेऊन निघाला, तो परत आलाच नाही. खूण त्यानंच फोडली, असं सगळं पाचोड म्हणालं. भाऊकीनं देव्हाऱ्यात त्याच्या नावाचा चांदीचा टाक बसवला नाही. म्हाळसाबाईला तो बसलेला बघायचा होता.

मास्तरांनी मोबाइलवर पाहिलं होतं : १७ खुर्दाद म्हणजे सात जून. आखिती मे महिन्यातली. आधी अटक, मग हुकूम; म्हणजे खूण कडुबानंच फोडली असणार.

मास्तरांचा चहा निवतोय, एवढं म्हाळसाबाईनं सुनेला सांगितलं.

मास्तरांनी कपाला हात लावला नाही. कागद पुन्हा उचलला, ठेवला, आणि एकदम घरी फोन लावला. त्यांच्या वडिलांचा नेमणुकीचा जुना हुकूम नातीला, लुबनाला, ट्रंकेतून काढायला लावला. त्यावर दोन्ही तारखा होत्या : ११ खुर्दाद, १६ एप्रिल.

“त्रिंबकराव, गलती मेरी,” मास्तर म्हणाले. “मोबाइलनं इराणचा महिना दाखवला. आपला हैदराबादी खुर्दाद एप्रिलातच यायचा. हुकूम बावीस एप्रिलचा. मामाला धरायच्या आधी पोलिसांना सगळं ठाऊक होतं.”

“मास्तर,” म्हाळसाबाई म्हणाली, “इतकी वर्सं पोरं शिकवली, अन् तुला महिनं येईनात व्हय?”

“नाय येत, अम्मा.”

“मग पी च्या. दुसरा टाकाया लावते.”

तिनं पदर डोळ्याला लावला होता. मास्तर खिडकीबाहेर मुकुंदवाडी स्टेशनकडे बघत राहिले.

मास्तर आणि त्रिंबकनं मिळून सगळं लिहून पाचोडला पाठवलं. शुक्रवारी चार वाजता म्हाळसाबाईचा भाचा रामकिसन याचा फोन आला. भाऊकी रविवारी टाकाचं ठरवायला बसणार होती. आत्याचं म्हणणं त्याला पटलं होतं, पण म्हाताऱ्यांचा एकच सवाल होता : मग नंबर तीन कोण?

त्याचं नाव असलंच तर अहवालाच्या तिसऱ्या पानावर असेल, आणि ते पान मिळालेलं नाही.