जोडाची कडी

"चेन तोडायचं यंत्र हवंय की जोडायचं?" हत्यारांच्या दुकानदाराने काउंटरवर तीन खोकी आपटत विचारलं.

"दोन्ही," मिस्त्री म्हणाला. "पण परवडेल असं दाखवा."

"ते तर सगळ्यांनाच हवं असतं हो! बावीस वर्षं हातोडी आणि पंचवर चेनसॉच्या चेन जोडल्यात तुम्ही. माझ्याकडून साधा स्क्रू घेताना जीव जायचा तुमचा. आज काय, लॉटरी लागली?"

मिस्त्रीला हसू आलं नाही. त्याने खिशातून चेनचा एक तुकडा काढला आणि खोक्यातल्या सगळ्यात स्वस्त यंत्रात धरून दांडा दाबला. दांडा जरा डुगडुगला, पण कड्या जोडणारी खीळ, म्हणजे रिव्हेट, सुटून पडलं. तोडण्यापुरतं हे चालणार होतं. तोडलेली कडी थोडी वाकली तरी ती फेकूनच द्यायची असते.

जोडायच्या यंत्रापाशी मात्र तो अडून बसला. स्वस्तातल्या यंत्राची दोन टोकं नीट समोरासमोर येत नव्हती. त्यात रिव्हेट एका अंगाला दाबलं गेलं असतं. दुसरं जड होतं, त्याची मूठ फिरवली की रिव्हेटचं डोकं हळूहळू सगळीकडून सारखं दाबलं जायचं. त्याची किंमत ऐकून मिस्त्रीने ते खाली ठेवलं, मग पुन्हा उचललं.

"स्वस्तातलं घ्या की. दिसायला तर दोन्ही सारखीच," दुकानदार म्हणाला.

"नको. तोडायचं स्वस्त द्या. जोडायचं हेच."

तो घासाघीस न करता उठला, तेव्हा दुकानदार त्याच्या पाठीकडे बघतच राहिला. बिचाऱ्याला वाटलं, मिस्त्रीची तब्येत बरी नसावी.

तसं पाहिलं तर तीन महिन्यांपासून ती बरी नव्हतीच. त्याचे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, झाडं तोडायचं काम करायचे. तीन महिन्यांपूर्वी एकदा वादळात पडलेलं झाड रस्ता अडवून बसलं होतं आणि भावोजी मिस्त्रीच्या दुकानाच्या दारात उभे राहून घाई करत होते. मिस्त्रीने चेन हातोडीने जोडली. एक ठोका जास्त बसला. जोडलेली कडी उचलून सोडली की ती आपल्या वजनाने खाली पडायला हवी, ही या धंद्यातली पहिली परीक्षा. ती कडी पडली नाही, ताठ उभी राहिली; अशी कडी फिरताना ताण खाऊन तुटू शकते. मिस्त्रीने ते पाहिलं. पुन्हा तोडून जोडायचा त्याला कंटाळा आला, खरं कारण एवढंच. त्याने कडीवर तेल सोडलं, बोटांनी चार वेळा हलवली आणि चेन देऊन टाकली. भावोजींनीही ती न बघता खांद्यावर टाकली. मेहुण्याचं काम काय तपासायचं?

दोन दिवसांनी चेन त्याच जोडावर तुटली आणि भावोजींच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

दवाखान्यात भावोजीच म्हणाले, "चेन सैल राहिली असणार. चूक माझीच." मिस्त्री उशाशी उभा होता. तोंड उघडायची वेळ तीच होती, आणि त्याने विचारलं काय, तर पाणी हवंय का!

आता भावोजींनी लहान चेनसॉ घेतला होता. मोठा त्या हाताला पेलत नव्हता. जुनी एक चांगली चेन घरात पडून होती, ती कड्या काढून लहान करून द्या, असा त्यांनी चेनसोबत निरोप धाडला होता. मिस्त्रीने नव्या यंत्रांनी नऊ कड्या काढल्या आणि उरलेली टोकं जोडली. रिव्हेट फिरवताना मध्येच थांबून तो कडी उचलून सोडून बघत होता. दर वेळी ती खाली पडली. तरी त्याच्या छातीवरचं ओझं काही हललं नाही.

तो पोहोचला तेव्हा भावोजी घरापुढच्या ओट्यावर बसून डाव्या हाताने कपातला चहा पीत होते.

"या मिस्त्री! लगेच झालंसुद्धा? हातात जादू आहे बुवा तुमच्या."

ताई दारातून म्हणाली, "त्याच्या हातात असून काय उपयोग? या वेळी तरी चेन नीट ताणून बसवा म्हणावं. किती वेळा सांगायचं यांना. एवढासा निष्काळजीपणा, आणि जन्माची अद्दल."

भावोजी नेहमीसारखे ओशाळं हसले. ते हसणं मिस्त्रीच्या काळजात घुसलं. तीन महिने हा माणूस रोज मिस्त्रीच्या वाटणीची बोलणी खात होता, वर त्याचंच कौतुक करत होता.

"ताई, त्यांना बोलू नकोस," तो म्हणाला. "चेन सैल नव्हती. मी जोड जास्त घट्ट ठोकला होता. कडी पडत नव्हती, ते मला दिसलं होतं. तेल घालून तशीच दिली."

ताईचा हात चौकटीवरच राहिला. "तुला दिसलं होतं?"

"हो."

"आणि तीन महिने मला यांनाच बोलू दिलंस?"

ती आत निघून गेली. आतून भांड्याचा आवाजसुद्धा आला नाही. तिने ओरडावं, शिव्या द्याव्यात, असं त्याला फार वाटलं.

भावोजींनी कप खाली ठेवला. "चेन दे," ते म्हणाले. एरवीचं 'मिस्त्री' आज त्यांच्या तोंडून आलं नाही.

त्याने चेन पुढे केली. त्यांनी ती मांडीवर घेतली आणि उरलेल्या तीन बोटांनी पहिली कडी उचलून सोडली. मग दुसरी, मग तिसरी. नवा जोड कुठे आहे, हे मिस्त्री सांगू शकला असता. त्याने सांगितलं नाही. भावोजींचं बोट मधूनच घसरायचं, मग ते तीच कडी पुन्हा उचलायचे. चेनचा पुरा वळसा संपेपर्यंत मिस्त्री अंगणात उभा राहिला.